गोदामामागे साठलेल्या दुपारी

गोदामात चोवीस फुटी पंखा बसवल्यापासून आमच्याकडे दुपार होत नाही. सकाळ होते, संध्याकाळ होते. बारा वाजायला एक मिनिट कमी असतं आणि त्यापुढचं मिनिट चारचं असतं.

हे मी टाइमकीपर म्हणून सांगतोय. माझं नाव विश्वंभर जोगदंड. वसमतच्या बाहेर, औंढा रस्त्याला बाहेती शेठजींचं हळदीचं गोदाम आहे, तिथे गेली एकोणीस वर्षं मी हजेरी घेतो. मला कुणाचा पाच मिनिटांचा उशीर खपत नाही. अशा माणसाकडून चार तासांची चूक होईल, असं माझे शत्रूही म्हणणार नाहीत, आणि ते काही थोडे नाहीत.

पंख्याची मागणीही माझीच. गेल्या वर्षीच्या वैशाखात पत्र्याखाली बसून हळकुंडं निवडताना तीन बाया चक्कर येऊन पडल्या. त्यात शेवंताबाई खिल्लारेची सून होती, आणि शेवंताबाई म्हणजे निवडणाऱ्या बायांची मुकादम. भिंतीवर बारा पंखे होते. ते या कोपऱ्यातली गरम हवा त्या कोपऱ्यात नेऊन टाकायचे आणि हळदीचा धुरळा सगळ्यांच्या डोळ्यांत वाटून द्यायचे. मी शेठजींना दोन पानी टिपण लिहून दिलं. छताला एकच मोठा पंखा लावला तर तो बारांचं काम करील, सावकाश फिरेल, आवाज करणार नाही, पत्र्याखाली कोंडलेली उष्णता हलवील, मालाला ओल धरू देणार नाही आणि माणसं उभी राहतील. टिपणात दुपारीचा उल्लेख नव्हता. मला तेव्हा कल्पना नव्हती आणि फिटरलाही नव्हती.

होळीनंतरच्या सोमवारी पंखा सुरू झाला. सहा पाती, एकेक पातं दोन माणसं एकावर एक उभी केली तरी उरेल एवढं. तो इतका हळू फिरायचा की पाती मोजता यायची, आणि तरी शेवटच्या थप्पीमागे बसलेल्या बाईच्या कपाळावरचा घाम वाळला. सगळे काम सोडून वर बघत राहिले. शेवंताबाईने हात जोडले. खरं सांगायचं तर मीही जोडले, फक्त हातात हजेरीपट होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच दिवशी पहिल्यांदा बारानंतर चार वाजले.

आठवडाभर कुणाची तक्रार नव्हती. कोणाला नको आहे पत्र्याखालची दुपार? मग एका शनिवारी शेवंताबाई माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, भाकर तशीच घरी जायली. सून म्हनायली, माह्या हाताला चव नाई का? तिला काय सांगू?"

"मग खात का नाही?"

"भूक कवा लागंल? आत्ता सकाळ व्हती, आत्ता चार झाले."

मी विषय शेठजींपुढे ठेवला. भूक दुपारची असते. दुपार गेली तशी ती तिच्यासोबत गेली, हे त्यांना पटलं. एक ते दीड जेवणाची सुट्टी असते, तिचं काय करायचं, असं मी विचारलं.

"सुट्टी कोणी बंद केलेली नाही," शेठजी म्हणाले. "एक वाजला की घ्यावी."

यात बोलण्यासारखं काही नव्हतं. एक वाजत नव्हता.

कुणाला वाटेल, पावणेबाराला बाहेर जाऊन बसायचं. तेही करून पाहिलं. मी एका हमालाला रस्त्यावरच्या लिंबाखाली बसवलं. रस्त्याने जाणाऱ्यांची दुपार झाली, त्याचे मात्र बसल्या जागी चार वाजले. दुपार ज्याच्या हजेरीची, त्याच्यामागून जायची; तो बसलाय कुठे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पंखा बंद करायचा का, असंही मी बायांना विचारलं. कुणीही हो म्हणालं नाही. शेवंताबाईने तर सुनेकडे बोट दाखवलं. ती पोटुशी होती आणि थप्पीला टेकून गाणं म्हणत हळकुंडं निवडत होती.

आता, गेलेली दुपार कुठे जात होती ते सांगतो. पंख्याने वर ढकललेली दुपार मागच्या भिंतीच्या झरोक्यांतून बाहेर पडायची आणि गोदामामागच्या पडीक जागेत साठायची. पहिल्या आठवड्यात ती गुडघ्याएवढी होती. पाडव्याला डोक्याएवढी झाली. वैशाख लागला तेव्हा पत्र्याच्याही वर गेली होती. सकाळी सातला, गावावर कोवळं ऊन असताना, तिथे रखरखीत दुपार भिंतीसारखी उभी असायची. तिच्यावरून जाणारा कावळा मध्येच चोच उघडून धापा टाकायचा आणि पलीकडे गेला की मिटायचा. मी रोज हजेरी झाली की पाच मिनिटं तिच्यापुढे जाऊन उभा राहायचो. काम असं काही नसायचं. एवढी मोठी गोष्ट मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती माझ्या दोन पानांमधून झाली होती.

शेठजी व्यापारी माणूस, त्यांना तिचा उपयोग आधी दिसला. उकडलेली हळद वाळायला बारा-पंधरा दिवस कडक ऊन खाते. त्यांनी एक वाळवण ढिगाच्या पायथ्याशी आत पसरायला लावलं आणि ते दिवस मावळायच्या आत वाळलं. हळकुंड मोडलं की कडक आवाज यायचा. ढीग मात्र तेवढ्याने खाली बसला; बारा दुपारी त्या हळदीने पिऊन टाकल्या होत्या. दुसरं वाळवण झालं तेव्हा आणखी बारा गेल्या.

त्याच संध्याकाळी सटवाजी कऱ्हाळे माझ्याकडे आले. सटवाजीमामा आमचे सगळ्यात जुने हमाल. बोलणं कमी, तक्रार तर एकोणीस वर्षांत एकही नाही. माझ्यापुढे ते पहिल्यांदाच खाली बसले.

"सायेब, अर्ज लिवा."

"कशाबद्दल?"

"माह्या दुपारी वापस पाहिजेत."

मी पेन खाली ठेवलं. "मामा, पंख्याचा त्रास होतो का?"

"पंखा चांगला हाय. बायांना चक्कर येत नाई. माहं येगळं हाय. कोंडी येती."

कोंडाबाई म्हणजे त्यांची बायको. बावीस वर्षं याच गोदामात हळकुंडं निवडली तिने. चार वर्षांपूर्वी वारली. तिचं नाव हजेरीपटातून मीच कमी केलं होतं.

"जेवनाच्या सुट्टीत भाकर खाऊन म्या पोत्यावर आडवा झालो की येती. उशाला बसती."

"बोलते का?"

"न्हाई. दमलेली असती."

"ऐतवारी तुम्हाला घरी दुपार मिळते की. तेव्हा?"

"घरी येत नाई ती," सटवाजीमामा म्हणाले. "घरी तिला बसायला फुरसद कवा व्हती? पानी, सरपन, लेकरं, जनावरं. ती बसली ती हितंच, या अर्ध्या घंट्यात. जिती असताना बसायची, आन् मेल्यावरबी तितंच बसायली."

मी अर्ज लिहिला. एकोणीस वर्षांत आजारपणाचे, लग्नाचे, बाळंतपणाचे शेकडो अर्ज लिहिले, पण कारणाच्या ओळीवर कधी एवढा अडलो नाही. शेवटी 'कौटुंबिक' असं लिहिलं. त्यांनी अंगठा उठवला.

शेठजींनी अर्ज दोनदा वाचला.

"चार तासांची दुपार. त्यातले साडेतीन तास कामाचे, ते गोदामाचे. सुट्टीचा अर्धा तास माणसाचा. हे मान्य आहे मला." त्यांनी चष्मा काढला. "दोन वाळवणांत गेल्या त्या काही परत येणार नाहीत. त्याचं मला वाईट वाटतं, हे त्यांना सांगा. पण राहिलेल्या ढिगात एकोणचाळीस माणसांच्या दुपारी आहेत. त्यातल्या सटवाजीच्या कोणत्या, हे कोण ओळखणार?"

"तेच ओळखतील," मी म्हणालो. "ते पोत्यावर हात ठेवून माल कोणत्या गावचा ते सांगतात."

हे खरं होतं. बाजारात दोन गावांची हळद एकत्र झाली की वांदा मिटवायला सटवाजीमामांनाच बोलावत. शेठजींनी मान डोलावली.

"मग त्यांना परखी द्या."

परखी म्हणजे पोतं न उसवता आतला नमुना काढायची टोकदार लोखंडी पन्हळ. शुक्रवारी सकाळी सटवाजीमामा ती घेऊन ढिगापुढे उभे राहिले आणि मी वही घेऊन त्यांच्या बाजूला. त्यांनी पोत्यात खुपसावी तशी परखी दुपारीत खुपसली, अर्धा वळसा दिला आणि बाहेर काढली. पन्हळीत बोटभर ऊन होतं. ते त्यांनी तळहातावर ओतलं, वास घेतला, जिभेला लावलं.

"ही शेवंताबाईची. ठेचा हाय हिच्यात."

मी लिहून घेतलं. त्यांनी ते ऊन परत ढिगात टाकलं आणि हातभर पलीकडे परखी घातली.

"ही पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाची. कोनाची तरी पोळी उरलेली." मग आणखी पलीकडे. "हिच्यात बायांनी एकमेकींच्या उवा पाहिल्या." आणखी पलीकडे. "ही तुमची, सायेब."

"कशावरून?"

"हिच्यात कोनीच बसलेलं नाई. निस्तं घड्याळ बघितलेलं हाय."

मी ते लिहून घेतलं नाही. मला ते लागलं, आणि खरं होतं म्हणून जास्त लागलं. मी म्हणालो, टाका परत, पुढे चला.

शुक्रवार असाच गेला. शनिवारी सकाळी आभाळ भरून आलं. पाऊस नव्हता, नुसतं दाट मळभ, आणि ते आठवडाभर हलणार नाही असं सगळे म्हणत होते. दहा वाजेपर्यंत गावोगावचे शेतकरी शेठजींकडे यायला लागले. उकडून ठेवलेली हळद अंगणात ओली पडली होती आणि तिला बुरशी धरायला वेळ लागणार नव्हता. आमच्या पंख्याने त्या दिवसापासून ढकललेली दुपारही ढगाळच निघाली. ती वाळवणाच्या कामाची नव्हती. तालुक्यात कडक ऊन राहिलं होतं ते फक्त आमच्या गोदामामागे, आणि ते सगळंच्या सगळं लागणार होतं.

"सोमवारी सकाळी सहाला ट्रॅक्टर लागतील," शेठजी मला म्हणाले. "मी माणसांना शब्द दिलाय. सटवाजीला त्याआधी सापडलं तर ठीक, नाहीतर माझा नाइलाज आहे."

मी हे सांगायला मागे गेलो तर सटवाजीमामा कोपऱ्यात, जुन्या बोअरजवळ उभे होते. परखी नुकतीच बाहेर काढलेली होती. त्यांनी वास घेतला नाही, जिभेलाही लावलं नाही. मूठ मिटून उभे होते.

"ही," ते म्हणाले. "हितं समद्या एकावर एक हायेत."

त्यांनी चार खुंट्या ठोकल्या आणि भोवती सुतळी बांधली. जागा फार नव्हती. एक माणूस आडवा होईल आणि एक उशाला बसेल, एवढीच.

काम सुटल्यावर आत जायची परवानगी मिळाली. जाण्याआधी सटवाजीमामा शेवंताबाईकडे गेले.

"भाकर असली तर दे."

"किती?"

"असतील तितक्या. तितं लय दिसाची भूक हाय."

त्या दिवशीच्या न खाल्लेल्या भाकरी सगळ्या बायांनी काढून दिल्या. थप्पीच झाली. शेवंताबाईने एका वेगळ्या पुडीत काहीतरी बांधलं आणि म्हणाली, "ही तुमची न्हाई हां. कोंडाबाईला कारळाची चटनी लागायची." सटवाजीमामांनी ती पुडी खिशात ठेवली, फडक्यात भाकरी घेतल्या आणि त्या उन्हात शिरले. दहा पावलांवर ते दिसेनासे झाले. बाया बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. कुणाला घरी जायची घाई नव्हती.

सोमवारी पावणेसहाला सात ट्रॅक्टर रांगेने उभे होते. ओल्या हळदीचा आंबूस वास सुटला होता. सटवाजीमामा बाहेर आलेले नव्हते. वेळ संपल्याचं सांगणं माझं काम. मी आत गेलो.

मी देवळात फारसा जात नाही. पण त्या दुपारीत पाऊल टाकताना मी चपला काढल्या, आणि जमीन भाजली म्हणून लगेच घातल्या. आत कसलाही आवाज नव्हता. डोक्यावर दुपारीवर दुपारी, वर पाहिलं तर शेवट दिसत नव्हता. माझी सावली पायाखाली रुपयाएवढी झाली होती. पोटात एकोणचाळीस माणसांची भूक एकदम उभी राहिली आणि कुणाकुणाच्या भाकरीचे वास आले. मी एकोणीस वर्षं या लोकांच्या वेळा लिहिल्या, पण त्यांच्या वेळात असं उभं राहिलो नव्हतो. मला भीती वाटली नाही.

मी सुतळीपाशी पोहोचलो. सटवाजीमामा घडी घातलेल्या पोत्यावर डोकं ठेवून झोपले होते. भाकरी संपलेल्या होत्या. फडक्याची घडी घालून ठेवलेली होती, चारी टोकं जुळवून, आणि सटवाजीमामांनी कधी फडक्याची घडी घातलेली मी पाहिली नाही. त्या जागी एक पान हलत नव्हतं. धूळसुद्धा होती तिथे थांबली होती. पण मामांच्या कानामागचे पांढरे केस हलत होते. हलायचे, थांबायचे, पुन्हा हलायचे. पदराने वारा घालणारं माणूस मध्ये हात दुखला की थांबतं, तसं. एवढ्या उन्हात मामांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

मी पंख्यांवर दोन पानं लिहिलेली आहेत. वारा कशाला म्हणतात ते मला कळतं, असा माझा समज होता. मी तिथे उभा राहिलो आणि मला रडू आलं, आणि ते लगेच वाळलं.

मग मी कामाला आलो होतो म्हणून घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता. घड्याळाचा हात सुतळीच्या आत होता, तेव्हा तिथे सुट्टीचीच वेळ असणार, हे बरोबरच होतं. मी काटा पुढे सरकायची वाट पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. सव्वाच वाजलेला होता. मी पावलांचा आवाज न करता बाहेर आलो.

"उठवलं?" शेठजींनी विचारलं.

"नाही. सुट्टी दीडला संपते. तिथे सव्वा वाजलाय."

"घड्याळ बरोबर आहे ना तुमचं?"

"एकोणीस वर्षं बरोबर आहे."

शेठजींनी आभाळाकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरांच्या रांगेकडे. पुढच्या ट्रॅक्टरवरचा म्हातारा शेतकरी म्हणाला, "शेठ, हळद हातची चालली. कोन हाय आत?"

"जेवायला बसलेत," शेठजी म्हणाले. "बाकीचा ढीग घ्या. सुतळीच्या आत पाय टाकू नका, आणि पाट्या हळू ओता."

म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि पायातला जोडा काढून हातात घेतला. मागच्या सगळ्यांनी काढले. जमीन भाजत असतानाही ते तसेच आत गेले. सात ट्रॅक्टर हळद त्यांनी ओंजळीने ओतावी तशी पसरली, दोन माणसांची जागा सोडून.

हळद बुधवारपर्यंत वाळली. ढीग संपला. मागच्या पडीक जागेत आता गावासारखंच हवामान असतं. नव्या दुपारी साठायच्या आधीच वाळवणांना जातात. फक्त बोअरजवळच्या कोपऱ्यात, सुतळीच्या आत, पत्र्याच्या वर गेलेलं ऊन उभं आहे. पावसाळा येऊन गेला, ते भिजलं नाही. मी रोज सकाळी हजेरीच्या आधी तिथे जाऊन घड्याळ पाहतो.

दिवाळीच्या सुमाराला शेठजींनी मला बोलावून विचारलं, सटवाजीच्या जागी दुसरा हमाल घ्यायचा का?

मी म्हणालो, जागा रिकामी नाही. माणूस जेवणाच्या सुट्टीत आहे, अजून पंधरा मिनिटं आहेत.